उलटी सोळा पानं

बातमी गल्लीत शिरली ती दूधवाल्याच्याही आधी. दाभणबाईंनी म्हणे चर्चच्या मंडळीचं मोठं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सुरीनं चिरलं आणि पानं खोलीभर पसरून मधोमध बसल्यात. दुपारपर्यंत सुरीची कोयती झाली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी शपथेवर सांगितलं, की पानं चुलीत घालायला काढलीत, धूर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पाळकसाहेबांना कळवायला दोघं जण निघालेसुद्धा.

आता खरं काय ते. धूर नव्हता, वाफ होती. मैद्याची खळ शिजत होती. कोयती नव्हती, टाके उसवायची बोटभर लांबीची सुरी होती. आणि शास्त्र बाईंनी पळवून आणलेलं नव्हतं. मंडळीच्या चिटणीसांनीच दोन माणसांकडून उचलून आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं, कारण त्याची पाठ सुटली होती. पुस्तक नव्यानं बांधायचं तर आधी ते सोडवावं लागतं. पण एवढं साधं सांगितलं तर गल्लीनं दिवसभर करायचं काय?

दाभणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पुस्तकबांधणीचा धंदा, दाभण हातातून खाली ठेवलेलं कुणी पाहिलं नाही, हे एक कारण. दुसरं कारण त्यांच्याशी दोन वाक्यं बोललेल्या कुणालाही विचारावं. एकदा एका शाळेचे हेडमास्तर हजेरीपटांचा गठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, जरा टिकाऊ बांधा हो." बाई मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या वेळी बांधलेले अजून शाबूत आहेत ना? शाळा टिकते का ते तुम्ही बघा." हेडमास्तर आजही तिथंच येतात. टोचून घ्यायची सवय लागते माणसाला.

पंचावन्न वर्षांच्या बाई, लग्न केलं नाही, त्याची फिकीर गल्लीनंच जास्त केली. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत दुकान: भिंतीला टेकलेला लोखंडी दाबपेच, शिवणीची लाकडी चौकट, पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचं भांडं, आणि खिडकीजवळ दोन खुर्च्या. एक बाईंची. दुसरीवर कुणी बसत नसे, कारण ती आईची होती.

ही दोन खुर्च्यांची गोष्ट आधी सांगायला हवी. बाईंचे वडील बाइंडर, त्या वेळच्या भाषेत बाइंडरभाऊ. हातानं डावरे. बांधलेलं पुस्तक माडीवरून खाली टाकलं तरी पान सुटू नये, असा हात. पण वाचता येत नव्हतं. अक्षर म्हणून एक ओळखीचं नव्हतं. उभं आयुष्य पुस्तकांत गेलं आणि पुस्तक आत काय म्हणतंय ते कळायचा रस्ता एकच: बायको. ती शेजारच्या खुर्चीत बसून वाचायची आणि हे शिवायचे. जे पुस्तक बांधायला आलं असेल ते. कायद्याचं आलं तर कायदा, गुरांच्या रोगांचं आलं तर खुरांना होणारी जखम. आणि सगळ्यांत जास्त शास्त्र, कारण मंडळीतल्या घराघरांतली झिजलेली शास्त्रं इथंच यायची. आपलं काम घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात उभं राहायचं ते अध्याय संपल्यावरच "झालं का हो माझं?" म्हणायचं.

ऐकून ऐकून बाइंडरभाऊंना अर्धं शास्त्र पाठ. एका पाळकसाहेबांनी उपदेशात दोन राजांची गल्लत केली, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "तो नव्हे साहेब, त्याचा नातू." पाळकसाहेबांनी चष्मा लावून पाहिलं. नातूच होता. 

आणि आई? आई दर बुधवारी दुपारी मंडळीतल्या बायकांना वाचायला शिकवायची. पंधरा जणी. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हाताला भांड्यांची राख. त्या बायका पुढं रविवारी उभ्या राहून शास्त्रवाचन करू लागल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, असं जुनी माणसं सांगत.

आणि एवढा हात असलेल्या बाइंडरभाऊंचं मंडळीत नाव कशासाठी राहिलं? एका चुकीसाठी.

झालं होतं असं. एकोणपन्नास वर्षांपूर्वी मंडळीनं व्यासपीठावरचं हे मोठं शास्त्र बाइंडरभाऊंकडे बांधायला दिलं. रविवारी सकाळी ते चामड्याच्या नव्या वेष्टनात, सोनेरी अक्षरांसकट परत आलं. सगळ्यांनी वाहवा केली. पाळकसाहेबांनी दावीद राजाची स्तोत्रं उघडली, वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. सोळा पानं उलटी शिवलेली. डोकं खाली, पाय वर. साहेबांनी ते पोत्याएवढं जड पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, गर्रकन फिरवलं आणि वाचन केलं. चर्चमध्ये हशा. त्या हशात बाइंडरभाऊ उठले आणि म्हणाले, "चूक माझी."

तेव्हापासून ती सोळा पानं वाचायची असली की शास्त्र उचलून फिरवायचं, हा मंडळीचा रिवाजच झाला. नव्या पाळकसाहेबांना चर्चच्या किल्ल्या देतानाच ही सूचना दिली जाई. पुन्हा बांधायला टाकू, असं कुणी म्हणालं तर पोरं हिरमुसायची. वर्षातून एकदाच हसायला मिळतं, तेही बंद?

आणि दरवर्षी स्मरणाचा रविवार यायचा. त्या दिवशी मंडळीतल्या देवाघरी गेलेल्या माणसांची नावं वाचतात, आणि प्रत्येक नावामागं एक वाक्य. वाक्यं लिहितात चिटणीस. सडपातळ, अडुसष्ट वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, काखेत वही. माणूस वाईट नाही. फक्त स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारा. बाराएक वर्षांपूर्वी बाइंडरभाऊ गेले, दोन महिन्यांत मागोमाग आईही, आणि त्या वर्षीपासून चिटणीसांचं वाक्य ठरलेलं: "आणि आपले बाइंडरभाऊ, ज्यांनी दावीद राजालाही शीर्षासन घालायला लावलं!"

हशा.

बाई तिसऱ्या बाकावर बसून समोर बघत राहायच्या. एरवी ज्यांच्या जिभेला धार, त्या इथं गप्प. कारण चूक तर खरीच होती. आणि आणखी एक कारण होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांच्या असताना त्या स्वतःच घरी येऊन बापावर ओरडल्या होत्या, "एकदा बघितलं असतंत तर? सगळे हसतात आपल्याला!" वडील दोऱ्याला मेण लावत म्हणाले होते, "बघून कळलं असतं तर बाइंडर कशाला झालो असतो पोरी, पाळक नसतो झालो?" त्या दिवशीचा आपला आवाज बाईंना अजून ऐकू यायचा. बापाचं नाव वाचलं जावं आणि कुणी हसू नये, एवढा एक रविवार त्यांना हवा होता. बस.

तेव्हा या वर्षी चिटणीस शास्त्र घेऊन आले आणि म्हणाले, "स्मरणाच्या रविवारपर्यंत द्या. तीन आठवडे आहेत. आणि बाई, तेवढी ती सोळा पानं आता सरळ करून टाका. माझं वाक्यही तयार आहे: अडाणी बापाची चूक शिकलेल्या लेकीनं सुधारली. कसं वाटतं?"

बाई म्हणाल्या, "वाक्याला खळ कमी पडली. सुटेल."

"म्हणजे?"

"म्हणजे या आता. मला काम आहे."

मग वर सांगितली ती सुरी आणि ती वाफ. पाठीवर ओली खळ लावून जुना गोंद मऊ केला आणि हाडाच्या पट्टीनं हळूहळू खरवडून काढला. पुस्तकाच्या घड्या असतात, सोळा सोळा पानांच्या. धंद्यात त्यांना जुज म्हणतात. अक्षरओळख नसलेल्या बाइंडरभाऊंची जुजं लावायची एक युक्ती होती. आई पानांचे आकडे वाचून थप्पी बरोबर लावून द्यायची, आणि मग हे दर वीस जुजांच्या पाठीवरून पेन्सिलीची एकच तिरकी रेघ ओढायचे. प्रत्येक जुजाच्या वाट्याला रेघेचा एक ठिपका. शिवताना ठिपके जिन्याच्या पायऱ्यांसारखे उतरत गेले, की काम बरोबर. एक जुज इकडचं तिकडं झालं, तर जिना मोडलेला दिसे. वाचायची गरजच नाही.

गोंद निघाला तसे ते ठिपके वर आले. एकोणपन्नास वर्षं अंधारात राहून जशाच्या तसे. बाई बोटानं पायऱ्या उतरत गेल्या. स्तोत्रांपाशी एक पायरी मोडली. वर हवा तो ठिपका खाली.

बाईंचा हात थांबला. जो माणूस ठिपक्यांवर शिवतो, त्याला हा ठिपका दिसला नाही?

त्यांनी खिडकी सताड उघडली आणि जुज उजेडात धरलं. वडील डावरे, त्यांचा टाका एका बाजूला कललेला असे, सगळं पुस्तक तसंच शिवलेलं. या एका जुजाचे टाके उलट्या अंगाला कललेले. आणि शेवटाला गाठ. बाइंडर अशी गाठ मारत नाही, ती पुस्तकात फुगते. दोऱ्याचे तीन वेढे घेऊन, घट्ट ओढून मारलेली ती गाठ बटणाची होती. बाईंच्या लहानपणीच्या प्रत्येक झग्याला तीच गाठ. दात लावले तरी न तुटणारी.

बाई आईच्या खुर्चीत बसल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कडी घालून त्या मावशीकडे गेल्या. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि जिना चढून कुणी आलं की आधी त्याचा समाचार घेते.

"आलीस? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, मावशी. कुणी गेल्याशिवाय येऊ नये का मी?"

"येतेस कुठं? बस. गुडघे दुखतायत वाटतं. आईवर गेलीस."

बाईंनी पिशवीतून ते जुज काढून तिच्या मांडीवर ठेवलं. गाठ अजून त्यातच होती. मावशीनं चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला. गाठीवरून अंगठा फिरवला आणि मोठ्यानं हसली.

"सापडलं होय एकदाचं! मला वाटलं, मी गेल्यावर सापडतंय की काय."

"तुला ठाऊक होतं?"

"त्या रविवारी चर्चमध्ये मी बाकावर तिच्या शेजारी होते, मला नसेल ठाऊक? तू सहा वर्षांची होतीस. तापानं फणफणलेली, चार दिवस. पुस्तक चौकटीवर चढलेलं, आणि रविवारी द्यायचा शब्द दिलेला. तुझी आई थप्पीतलं एक जुज उचलून तुझ्या उशाशी नेऊन वाचत बसायची. तेच तेच. दुसरं काही वाचलं की तू रडायचीस."

बाईंना आठवलं. चेहरा नव्हे, आवाज; आणि पुस्तक नव्हतं, सुटी पानं होती. आईच्या हातात ती हलकेच सळसळायची. आजवर त्यांना वाटायचं, तो तापातला भास.

"शनिवारी दुपारी तुझा ताप उतरला. तुझा बाप डॉक्टरांना सांगायला पळत गेला. पळत, चपला न घालता. आणि हिला काय आनंद झाला, म्हणाली, तो येईपर्यंत हातातलं तेवढं जुज शिवून ठेवते, पुढं गेलेलं बघून खूश होईल. चार दिवसांची न झोपलेली बाई. डोळ्यांत पाणी. शिवलं उलटं."

"आणि बाबांनी बघितलं नाही?"

"बघायला वेळ कुठं होता? आला तो थेट पुढचं शिवायला बसला, आणि संध्याकाळी पाठीला गोंद. कळलं रविवारी, सगळ्यांबरोबर. तुझी आई अर्धी उठली होती बाकावरून, मीच सांगते म्हणून. तिच्या आधी तो उठला."

"पण का? आणि नंतर तरी?"

"घरी भांडण झालं की! मीच होते मध्ये. ती म्हणाली, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगते. तो म्हणाला," आणि मावशीनं भाऊजींचा जाडा आवाज काढला, "'तू पंधरा बायकांना वाचायला शिकवतेस. त्यांचे नवरे आधीच टपून बसलेत. म्हणतील, मास्तरीणबाईला सुलटं कोणतं ते कळत नाही, चला घरी. मला अडाणी म्हणतातच. त्यात सोळा पानं वाढली तर कुठं जड होतायत?' मग ती काय बोलणार? तो गेला तेव्हा तिला बोलायचं होतं, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. मग म्हणाली, राहू दे, पुस्तक कधीतरी पोरीच्याच हातात येईल."

बाईंनी वाकून गाठीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "सांगितलं तर आता आईला हसतील."

"हसू देत की! त्या पंधराजणी देवाघरी गेल्या, वाचत वाचत गेल्या. आता त्यांना घरी बसवणारा कोण उरलाय? आणि तुझी आई काय ऊन लागलं तर विरघळणारी होती?" मावशीनं जुज परत दिलं. "जाताना दार नीट ओढ. वाऱ्यानं आपटतं."

बाईंनी पुस्तक बांधलं. सगळं वडिलांच्या पद्धतीनं, नवी तिरकी रेघ ओढून. सोळा पानं सरळ केली. उलटं पान दुकानातून बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा बापाचाच नियम. त्या एका जुजाच्या शेवटाला मात्र त्यांनी तीन वेढ्यांची गाठ मारली. पाठीवर तेवढं कणभर फुगलेलं लागतं, माहीत असलेल्या बोटालाच.

स्मरणाचा रविवार उजाडला. चर्च भरलं होतं. शिंपीणबाई पहिल्या बाकावर, राख झालेलं शास्त्र कसं दिसतं ते बघायला. चिटणीसांनी वही उघडली. नावं होत गेली, वाक्यं होत गेली. मग ते स्वतःच आधी हसले.

"आणि आपले बाइंडरभाऊ, ज्यांनी दावीद राजालाही शीर्षासन घालायला लावलं. यंदा अडाणी बापाची ती चूक शिकलेल्या लेकीनं..."

"चिटणीससाहेब, थांबा." बाई उभ्या राहिल्या होत्या. "वाक्य उलटं शिवलंय तुम्ही."

हशा अर्ध्यात राहिला. बाईंना भाषण येत नाही. त्यांनी गिऱ्हाइकाला काम समजावून सांगावं तसं सांगितलं: जुज, ठिपका, कललेले टाके, गाठ. सहा वर्षांची पोर, चार दिवसांचा ताप, उशाशी वाचणारी आई. आणि बाप उठला तो का उठला, ते. "त्या पंधराजणींनी शिकणं सोडू नये म्हणून माझ्या बापानं ते अंगावर घेतलं. जाईपर्यंत सदतीस वर्षं. त्या पंधराजणींत कुणाकुणाची आई होती, ते मी सांगत नाही. ज्यानं त्यानं आठवावं. मी स्वतः त्यांना बोलले होते, पंधराव्या वर्षी. तेही आज सगळ्यांसमोर सांगते. त्यांच्या नावामागं वाक्य मी देते, लिहून घ्या: वाचता येत नव्हतं, तरी शास्त्रातलं जे करायचं असतं ते त्यांनी केलं."

त्या खाली बसल्या.  मग मागच्या बाकावरून एक म्हातारा खाकरून म्हणाला, "माझी आई होती." दुसरीकडून एक बाई, "माझी आजी." एकेक करत सात जण झाले. चिटणीसांची आईसुद्धा त्या पंधरांत होती. तिनं वाचलेलं पहिलं पत्र त्यांचंच, बोर्डिंगमधून पाठवलेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पेन काढलं, जुनं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. लिहिताना ओळ वाकडी गेली.

पाळकसाहेबांनी स्तोत्रं उघडली. सवयीनं दोन्ही हात पुस्तकाखाली गेले, उचलायला. मग त्यांनी ते काढून घेतले आणि सरळ वाचलं. पोरं थोडी हिरमुसली. मोठ्या माणसांपैकी मात्र बऱ्याच जणांनी माना ताठ केल्या होत्या, जणू त्या पानांवर त्यांच्याच घरचं कुणी होतं. होतंच.

उपासना सुटल्यावर अंगणात लोक बाईंभोवती जमले. शिंपीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, की धुराचं काहीतरी वेगळंच आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. गर्दी जरा पांगली तसे चिटणीस पुढं आले. वही काखेत होती, पण खांदा पडलेला.

"बाई, एक विचारू? तुमचे वडील प्रत्येक वेळी आमच्याबरोबर हसायचे. पोट धरून. मी स्वतः पाहिलंय. मग आम्ही काय इतकी वर्षं उगाच हसलो?"

बाई म्हणाल्या, "उगाच कसं? तेही मनापासूनच हसायचे की. फक्त आपण कशाला हसतोय ते त्यांना ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं."